अ‍ॅस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस
अ‍ॅस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस हा एडीस इजिप्ती डासाच्या शरीरात वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. तो एपिकॉम्प्लेक्सा संघातील ग्रेगॅरिन गटात मोडतो. हिवतापाचा परजीवीही याच संघातील आहे. मात्र ग्रेगॅरिन केवळ अपृष्ठवंशी प्राण्यांत आढळतात आणि माणसाला त्यांचा संसर्ग होत नाही. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये या जातीचे वर्णन केले.

जीवनचक्र
या परजीवीला एकच यजमान लागतो. पाण्यातील डासाची अळी अन्नासोबत त्याच्या अंडपुटी गिळते. प्रत्येक अंडपुटीतून आठ बीजाणुज बाहेर पडतात व मध्यांत्राच्या पेशींत शिरतात. तेथे वाढून ते आतड्याच्या पोकळीत येतात. अळीचा कोष होताना ते माल्पिघी नलिकांत, म्हणजे उत्सर्जनाच्या नलिकांत, जातात. तेथे दोन-दोन परजीवी जोडीने एकत्र येऊन लैंगिक प्रजनन करतात व नव्या अंडपुटी तयार होतात. प्रौढ डासाच्या विष्ठेतून किंवा मृत शरीरातून त्या पुन्हा पाण्यात मिसळतात.

यजमानावरील परिणाम
नैसर्गिक यजमानाला या जातीमुळे सहसा मोठा अपाय होत नाही. तथापि परजीवी अळीच्या आहारात वाटेकरी असतो. अन्न अपुरे असल्यास अशा संसर्गाने वाढ खुंटू शकते. आकाराने लहान राहिलेली मादी सामान्यतः कमी अंडी घालते. इतर जलीय कीटकांतही ग्रेगॅरिनचा प्रजननाशी संबंध दिसतो. अमेरिकेतील लिबेल्युला पुल्केला या चतुरात संसर्गामुळे उड्डाणस्नायूंच्या चयापचयात बिघाड होतो आणि नरांची हद्द राखण्याची व मीलनाची क्षमता घटते.

महाराष्ट्रातील संशोधन
बार्शी (सोलापूर जिल्हा) येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर भारतात या रोगाची मोठी साथ २००५–०६ मध्येच उद्भवली. साथींच्या मधल्या काळात विषाणू कोठे टिकतो, हा महत्त्वाचा प्रश्न होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील दे. ता. मौर्य व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संसर्गित डासांतून मिळवलेल्या अंडपुटींमार्फत चिकुनगुन्याचा विषाणू नव्या अळ्यांपर्यंत पोहोचू शकतो असे दिसले. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत.

साठवलेले पाणी
एडीस इजिप्ती मुख्यतः घरातील व घराभोवतीच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बोदवडसह खानदेशातील टंचाईग्रस्त गावांत रांजण, पिंपे व टाक्यांत पाणी साठवले जाते. डास व परजीवी या दोघांचेही जीवनचक्र अशा पाण्यावर अवलंबून असते. त्यामुळे भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे व झाकून ठेवणे हा डासनियंत्रणाचा प्रमुख उपाय ठरतो.