कोयती घेताना आधी मूठ पाहा

कोकणातील शेतकरी घराबाहेर पडताना एक वेळ पायात वहाण घालायला विसरेल. पण कमरेची आकडी आणि आकडीतील कोयती विसरत नाही. राबासाठी ऐन-किंजळाचे कवळ तोडणे, बांधावरची झुडपे साफ करणे, करवंदीच्या जाळीतून वाट काढणे, बांबू तोडणे, कुंपणाचे शिरे कापणे अशी वर्षभरातील कितीतरी कामे या एका अवजारावर चालतात. महाड व पोलादपूर तालुक्यांत डोंगरउताराची शेती जास्त असल्याने येथे कोयतीवाचून पान हलत नाही. असे असूनही कोयती खरेदी करताना आपण पुरेशी काळजी घेत नाही. दुकानात पात्याची चमक पाहतो, धारेवर अंगठा फिरवतो, भाव करतो आणि घेऊन येतो. मुठीकडे क्वचितच कोणी पाहतो.

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत गेलो असता घडलेला प्रसंग सांगतो. घरचा तरुण मुलगा ऐनावर चढून कवळ तोडत होता आणि त्याची आई खाली फाट्या गोळा करीत होती. घाव घालताना पाते मुठीतून निसटले आणि थेट आईच्या पायावर पडले. घोट्यामागे खोल जखम झाली. टाके पडले, पण पावसाळा आला तरी त्या माऊलीला चिखलात उतरता आले नाही. त्या वर्षी लावणीला घरचे एक माणूस कमी पडले आणि मजूर लावावा लागला. नंतर ती कोयती हातात घेऊन पाहिली. पाते उत्तम होते. मात्र मुठीत गेलेले पात्याचे शेपूट जेमतेम दोन बोटे लांब होते आणि ते तापवून लाकडात ठोकून बसविल्याने आतील लाकूड जळून कोळसा झाले होते. कोळशाचा भुगा झाला, शेपूट सैल झाले आणि पाते निसटले. दोष पात्याचा नव्हता, मुठीचा होता.

म्हणून कोयती निवडताना क्रम उलटा करावा. आधी शेपूट, मग मूठ आणि शेवटी पाते पाहावे.

शेपूट कसे असावे?

पात्याचा जो भाग मुठीत जातो तो घावाचा सर्व ताण सोसतो. मूठ बसविण्याच्या साधारणपणे तीन पद्धती आढळतात.

१) आखूड टोकदार शेपूट लाकडात ठोकलेले : ही सर्वांत स्वस्त पद्धत होय. घरातील विळी-सुरीसारख्या हलक्या कामाला ती चालते. झाडावरच्या कामाला अशी कोयती घेऊ नये.

२) लांब शेपूट मुठीच्या आरपार नेऊन मागे लोखंडी चकतीवर ठोकलेले : शेपटीचे टोक मुठीच्या मागे दिसते, त्यामुळे खात्री करणे सोपे जाते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असल्यास लाकूड चिरत नाही. कवळ तोडण्यास ही रचना चांगली.

३) पात्याइतक्याच रुंदीची पट्टी शेवटपर्यंत व तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या, त्या रिबिटांनी जखडलेल्या : ही सर्वांत मजबूत रचना आहे. निदान तीन रिबिटा असाव्यात व त्यांची डोकी लाकडाच्या वर आलेली नसावीत, अन्यथा हाताला फोड येतात.

कोणत्याही प्रकारात पाते जेथे मुठीत शिरते तो गळ्याचा भाग नीट पाहावा. तेथे काटकोनी खाच असल्यास ताण एका जागी साठतो व पाते तेथेच मोडते. गळा गोलाईदार असावा. तेथे जोड किंवा वेल्डिंग असल्यास ती कोयती घेऊ नये.

मुठीचे लाकूड

मुठीसाठी लाकूड घट्ट पण धक्का सोसणारे हवे. धामणीचे लाकूड लवचिक असल्याने अवजारांच्या दांड्यांसाठी फार पूर्वीपासून वापरले जाते. बाभूळही चांगली. खैराचे लाकूड जड व टिकाऊ असते, मात्र खैर, ऐन, किंजळ ही झाडे तोडण्यास कायद्याने परवानगी लागते. मुठीपुरता तुकडा सुताराकडील उरलेल्या लाकडातून मिळू शकतो, त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही. लाकडाच्या शिरा मुठीच्या लांबीला समांतर असाव्यात, गाठ नसावी आणि लाकूड सावलीत काही महिने वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आक्रसते व चिरते.

मुठीचा आकार हा हाताचा प्रश्न आहे. पंजाची चारही बोटे बसून थोडी जागा उरेल एवढी, म्हणजे साधारण ११ ते १३ सें.मी. लांबी व ३ ते ३.५ सें.मी. जाडी बहुतेकांना सोयीची पडते. मागचे टोक किंचित फुगीर किंवा खाली वळलेले असावे, म्हणजे घामेजल्या हातातून मूठ सुटत नाही. आपल्याकडे कापणी, बेणणी व फाट्यांचे बरेचसे काम स्त्रिया करतात, परंतु अवजारे मात्र पुरुषांच्या पंजाच्या मापाने केलेली असतात. ज्याने वापरायची त्याच्या हातात देऊनच कोयती घ्यावी. गुळगुळीत रोगण लावलेली मूठ दिसावयास सुंदर, पण पावसात निसरडी होते.

चामड्याच्या मुठीचे काय?

गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी कधी कधी चामड्याच्या मुठीचा सुरा घेऊन येतात आणि तो शेतीला चालेल का, असा प्रश्न विचारला जातो. अशा मुठीत चामड्याच्या गोल चकत्या अरुंद शेपटीवर एकापुढे एक ओवून, दोन्ही टोकांना धातू बसवून, घट्ट दाबून घासलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांना दिलेल्या ‘का-बार’ सुऱ्याची मूठ अशीच होती. उत्तर युरोपात भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीच्या चकत्यांचीही अशी मूठ करतात.

ही मूठ हाताला ऊबदार लागते, घाव घालताना धक्का कमी बसतो व किंचित ओल्या हातातही ती घट्ट धरता येते. परंतु चामडे पाणी पिते. महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यात ३,००० मि.मी. पेक्षा जास्त पाऊस पडतो. अशा दमटपणात चामड्यावर बुरशी येते, चकत्या फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसून त्यांच्यामध्ये फटी पडतात. मूठ शेपटीभोवती फिरू लागते. याहून वाईट म्हणजे आतील अरुंद शेपूट ओल्या चामड्यात गंजत राहते आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हा चिखलातील व झाडावरील कामाला असा सुरा वापरू नये. कोरड्या दिवसांत दोरी कापणे, पेंढा बांधताना सुंभ तोडणे अशा हलक्या कामांपुरता तो ठीक आहे.

तरीही घ्यावयाचा असल्यास चकत्यांमध्ये नख शिरत नाही ना, हे पाहावे. मूठ दोन्ही हातांनी पिळून पाहावी, ती जराही फिरता कामा नये. चामडे हिरडा, तरवड यांसारख्या वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले व कठीण असावे. आपल्या सह्याद्रीतील हिरडा याच गुणामुळे चामडे कमावण्यासाठी वापरला जातो. मुठीला मेण घासावे. तेल फार पाजल्यास चकत्या मऊ पडतात. सुरा चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, पाते गंजते. आपली उघडी लाकडी आकडी या बाबतीत सरस आहे, कारण पात्याला वारा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र नियमांच्या यादीत येतात. शेती व घरकामासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. कोयतीला ही सवलत आहे, शोभेच्या मोठ्या सुऱ्याला ती असेलच असे नाही.

पाते व त्याचे पाणी

तालुक्याच्या नावातच पोलाद असले, तरी बाजारातील प्रत्येक कोयती पोलादाची असतेच असे नाही. साध्या लोखंडी पट्टीत कर्बाचे प्रमाण कमी असल्याने तिला कितीही पाणी पाजले तरी ती कठीण होत नाही. गावचा लोहार किंवा फिरता घिसाडी ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून कोयती करतो. या पाट्यात कर्बाचे प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असते, त्यामुळे धार टिकते व पाते चिवट राहते. पाटा जुना असल्यास त्यात बारीक चिरा असू शकतात, त्या लोहाराला पाहावयास सांगाव्यात.

पाते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविल्यावर ते कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा हलके तापविले की ठिसूळपणा जातो. हे दुसरे तापविणे टाळलेली कोयती गाठीवर बसताच दातरते. परीक्षा सोपी आहे. धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती लोण्यासारखी रुतली तर पाते मऊ, काचेवरून घसरावी तशी घसरली तर ठिसूळ असण्याचा संभव. किंचित पकडत घसरली तर पाणी योग्य. पाठीकडचा भाग मात्र धारेपेक्षा मऊ असावा.

भातकापणीसाठी कोयती वापरू नये. त्यासाठी दातेरी ‘वैभव’ विळा उपयुक्त आहे. त्याने जमिनीलगत कापणी केल्यास धसकटात राहणाऱ्या खोडकिड्याचाही बंदोबस्त होण्यास मदत होते.

निगा

काम संपल्यावर पात्यावरील चीक व चिखल पुसून करंजाचे किंवा खोबरेल तेल लावावे. लाकडी मुठीला मात्र जवसाचे तेल द्यावे, कारण ते वाळते. खोबरेल वाळत नाही व मूठ चिकट होते. धार दगडावर पाण्याचा वापर करून लावावी. फिरत्या चाकावर धार लावताना पाते निळे पडले, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड व सावित्री-गांधारीकाठच्या भागात घरेच्या घरे पाण्याखाली गेली. पुरात भिजलेले अवजार वरून कोरडे झाले तरी मुठीच्या आत ओल व गाळ राहतो. अशी जुनी कोयती माळ्यावर असल्यास मूठ उतरवून शेपूट तपासल्याशिवाय ती कामाला घेऊ नये.

दररोज कामाला लागण्यापूर्वी कोयती उलटी धरून मुठीचे टोक लाकडावर दोनदा आपटावे व पाते हलते का ते पाहावे. झाडाखाली तोड चालू असताना कोणीही उभे राहू नये. फाट्या तोड थांबल्यावरच गोळा कराव्यात. जखम झाल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तिच्यावर माती, शेण, तंबाखू लावू नये. रुग्णाला तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पावसाळ्यात उघडी जखम घेऊन चिखलात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चांगल्या मुठीसाठी थोडे पैसे जास्त पडतात. परंतु लावणीच्या दिवसांत घरचे एक माणूस अंथरुणाला खिळले तर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते. यंदा कवळ तोडण्यास निघण्यापूर्वी घरातील सर्व कोयत्या एकदा अंगणात मांडून त्यांच्या मुठी तपासा. जी हलते ती आकडीत घालू नका, लोहाराकडे न्या.