वास गुलाबाचा, पान जिरेनियमचं

लातूर-नांदेडकडे गुलाबतेल निघतं का, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. अस्सल गुलाबतेल इथे निघणं कठीण. अत्तराच्या दमास्क गुलाबाला थंडी लागते, त्याचा बहर वर्षातून एकदाच, आणि किलोभर तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, तीही ऊन चढायच्या आत खुडलेली. बल्गेरियातलं कझानलिक आणि तुर्कस्तानातलं इस्पार्ता त्यावर जगतात.

त्या तेलात महाराष्ट्राचाही एक लपवलेला वाटा होता. 19व्या शतकात खानदेशातलं रोशा गवताचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबतेलात मिसळलं जाई. जिरॅनिऑल दोन्हींत असल्यामुळे ही भेसळ खपून जाई. आज मराठवाड्यात काही शेतकरी जिरेनियम लावतात. लखनौच्या सीमॅप संस्थेसारख्या प्रयोगशाळांमधून चालणाऱ्या, सुगंधी पिकांच्या अरोमा मिशनमध्ये मराठवाडाही आहे. जिरेनियमचं पान चुरगाळलं की गुलाबासारखाच वास येतो आणि हे तेल स्वतःच्या नावाने विकलं जातं, हे मला फार मोलाचं वाटतं.

लातूरजवळच्या एका शेतातल्या भट्टीवर मी बराच वेळ रेंगाळलो. पाला टाकीत पायांनी तुडवून भरतात. कुठे पोकळी राहिली तर वाफ तिथूनच निसटते आणि बाजूच्या पाल्यातलं तेल तसंच राहतं. म्हणून भट्टीवरचे काका आत उतरून कडेकडेने तुडवत फिरतात, मग झाकणाचे बोल्ट आवळतात. बॉयलरची वाफ खालून पाल्यात शिरते, तेल घेऊन वर चढते आणि कंडेन्सरमध्ये थंड होते. शेवटच्या भांड्यात पाणी खाली बसतं, वर पिवळसर हिरव्या तेलाचा थर तरंगतो. टनभर पाल्यामागे जेमतेम किलोभर.

काकांचा हात सारखा कंडेन्सरच्या तोंडाशी. धार कोमट लागली की ते जाळ कमी करतात, कारण गरम धारेबरोबर वासही उडतो. घड्याळ ते बघतच नाहीत.

धार थंड ठेवायची तर कंडेन्सरभोवती सतत पाणी फिरवावं लागतं, आणि हे लातूर आहे. एप्रिल 2016 मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. भट्टीवर तेच पाणी हौदातून पुन्हापुन्हा खेळवतात, पण उन्हाळ्यात हौदच तापतो. मग तेलाला वेळ लागतो, जळण वाढतं.

पावसाळ्यात उलटं दुखणं. काळ्या रानात पाणी साचलं की जिरेनियमची मुळं कुजतात आणि उभं पीक मरतं. पुढच्या लागवडीला मातृरोपं जगवणं हीच खरी परीक्षा. सीमॅपने प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ती वाचवून रोपाचा खर्च सुमारे 35 रुपयांवरून दोनेक रुपयांवर आणला. अत्तरवाल्यांच्या कामाइतकंच हे काम मला थोर वाटतं.

विक्रीची मात्र काळजी वाटते. सोयाबीन मोंढ्यात नेलं की त्या दिवसाच्या भावाने विकतं. तेलाला आडत नाही. मुंबईचा व्यापारी आधी नमुना मागतो, यंत्रावर घटक तपासतो, मगच भाव बोलतो. तेल विकत घेऊ म्हणून महागडी रोपं विकणारे नंतर फोन उचलत नाहीत, अशी तक्रारही कानावर आली. जिरेनियम लावू पाहणाऱ्याने रोपाचा भाव विचारण्याआधी तेल कोण घेणार ते लेखी घ्यावं.

काकांच्या भट्टीवरचं तेल सध्या अॅल्युमिनियमच्या डब्यात, काठोकाठ भरून, अंधारात ठेवलंय. आत हवा राहिली तर वास उतरतो. नमुना मुंबईला गेलाय. पावसाआधी मातृरोपांवर घालायचं प्लास्टिक आणायचं आहे, आणि त्याचे पैसे या डब्यातूनच यायचे आहेत.