तारीखलेखनांतील देशभेद व संगणक

जुन्या कागदपत्रांच्या याद्या आतां संगणकावर होऊं लागल्या आहेत. हें काम सोयीचें आहे यांत शंका नाहीं. परंतु तारखांच्या बाबतींत त्यांत एक घोटाळा संभवतो व तो सहसा ध्यानांत येत नाहीं, म्हणून त्याचा खुलासा येथें करावयाचा आहे.

आमच्या संग्रहीं इ. स. १९२० मधील कांहीं खाजगी पत्रें आहेत. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं त्यांची यादी नातवाच्या संगणकावर केली. तारखा पत्रांत होत्या तशाच, म्हणजे आधीं दिवस, मग महिना, मग सन, अशा लिहिल्या. यादी कालानुक्रमें लावून पाहतों तों लोकमान्य टिळकांच्या निधनाबद्दल दुखवट्याचें एक पत्र ८ मे रोजीं लिहिलेलें दिसलें! लोकमान्य वारले १ ऑगस्ट १९२० रोजीं. पत्रावरील तारीख ५/८/१९२० होती. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असल्यामुळें त्यानें पांच हा महिना व आठ हा दिवस मानिला. २५/८/१९२० च्या पत्राची गत निराळी झाली. पंचविसावा महिना नसल्यामुळें यंत्रानें तो आंकडा तारीख म्हणून न घेतां नुसतीं अक्षरें म्हणून ठेविला, व तें पत्र यादीच्या शेवटीं जाऊन पडलें.

यांपैकीं दुसरी चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती फारशी बाधक नाहीं. पहिली मुकी आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत दिवस व महिना यांची अदलाबदल होऊं शकते; १/१, २/२ असे बारा दिवस सोडले तरी वर्षांतले १३२ दिवस असे उरतात कीं, ज्यांची तारीख उलटी वाचली असतां दुसरी खरी दिसणारी तारीखच हातीं येते. ऐतिहासिक पत्राच्या बाबतींत याचा अर्थ कार्यकारणभाव उलटा होणें असा आहे.

आमच्या वाचकांस हा प्रकार अगदींच अपरिचित नसावा. दक्षिणेंत महिना अमावास्येस संपतो, उत्तर हिंदुस्थानांत पौर्णिमेस. शुक्ल पक्षांत दोन्ही गणनांचा महिना एकच. कृष्ण पक्षांत मात्र आमचा कार्तिक वद्य तोच त्यांचा मार्गशीर्ष कृष्ण. गोकुळाष्टमी आम्हांस श्रावणांत व त्यांस भाद्रपदांत येते, उत्सव मात्र एकाच दिवशीं होतो. म्हणून उत्तरेंतून आलेल्या पत्राची मिति लावितांना लिहिणारा कोणती गणना धरीत होता हें आधीं पाहावें लागतें. तें न पाहिल्यास जंत्री एक महिन्याच्या फरकाची तारीख निमूटपणें काढून देते.

संगणकावरही हाच प्रश्न आधीं विचारला पाहिजे. अमुक क्रम शुद्ध व अमुक अशुद्ध असा हा वाद नाहीं. आम्ही दिवस आधीं लिहितों, अमेरिकेंत महिना आधीं, जपानांत सन आधीं. संगणकाच्या मूळ प्रणालींत तारखेचा क्रम, घड्याळ बारा तासांचें कीं चोवीस तासांचें, आठवड्याचा पहिला वार, हीं सर्व ज्यानें त्यानें ठरविण्याची सोय असते. सॉफ्टवेअर लिहिणारानें ती निवड वाचून त्याप्रमाणें वागावें, इतकेंच त्याचें कर्तव्य. पण पुष्कळ ठिकाणीं ती निवड न विचारतां भाषा विचारली जाते, आणि इंग्रजी दिसली कीं अमेरिकन क्रम पुढें येतो. पुण्याच्या गृहस्थानें इंग्रजींत काम केलें म्हणून तो न्यूयॉर्कचा रहिवासी होतो काय?

योग्य रीत अशी कीं, यंत्राच्या पोटांत तारीख एकाच क्रमानें, सन-महिना-दिवस अशी, ठेवावी. इ. स. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत हाच क्रम आहे. पडद्यावर मात्र ती वापरणाराच्या रीतीनें दाखवावी. वैयाकरण प्रकृति एक धरून रूपें प्रसंगानुसार सिद्ध करितात, त्यांतलाच हा प्रकार. कोणत्या प्रदेशाची रीत काय हें शोधण्याचे श्रमही नाहींत; युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या भांडारांत मराठीकरितां दिवस-महिना-सन हा क्रम व देवनागरी अंक नमूद आहेत.

नातवानें संगणकाची मांडणी बदलून दिली. परंतु तेवढ्यानें आमची यादी सुधारली नाहीं. एकदां ८ मे म्हणून आंत गेलेली तारीख ८ मेच राहिली, फक्त ती ८/५/१९२० अशी दिसूं लागली. अखेर बारा तारखेपर्यंतचें प्रत्येक पत्र पुन्हा मुळाशीं ताडून पाहिलें, महिन्याचें नांव अक्षरीं घातलें व मूळ आंकडे जसेच्या तसे निराळ्या रकान्यांत उतरले. एक पत्र मात्र अमेरिकेंत शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याचें आहे. त्यावर ३/४/१९२० असें आहे. त्यानें घरची रीत पाळली कीं तिकडची, हें मजकुरावरून कळत नाहीं व पाकीट उरलेलें नाहीं. त्याच्यापुढें आम्हीं ३ एप्रिल व ४ मार्च अशा दोन्ही तारखा लिहून ठेविल्या आहेत.