हरणीचं पहिलं वेत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि मांजरसुंबा मागं पडलं की पुढं आमचं चौसाळा येतं. या भागात ज्याच्याकडं कोरडवाहू रान आहे आणि रानाला डुकरांचा त्रास आहे, त्याच्या दारात पुष्कळदा एक लांब तोंडाचं, आत ओढलेल्या पोटाचं, उंच पायांचं कुत्रं बसलेलं दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याला खायला मिळत नसावं. तसं नाही. ती त्याची जातच तशी आहे. याला कारवान म्हणतात, आमच्याकडं तोंडी कारवानी. कानाला आणि शेपटीला लांब मऊ केस असले तर पश्मी. कर्नाटकात मुधोळच्या नावानं ओळखतात ते याच कुळातलं. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली आणि एक जोडी विलायतेत पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली होती. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातल्या एकावर हे मुधोळ होतं.

आमच्या घरी ही कुत्री अब्बांच्या तरुणपणापासून आहेत. तेव्हा ती शिकारीला जात. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सशाच्या मागं कुत्रं सोडणंही गुन्हा ठरलं. पलीकडं पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, काळवीट तर रानात सहज दिसतं. त्यामुळं आमची कुत्री आता राखणच करतात. ससा दिसला की हरणीचे कान ताठ होतात, पण तिच्या गळ्यात साखळी असते. मुसलमानाच्या घरात कुत्रं कसं, असं कुणी कुणी विचारतं. शिकार, गुरं आणि शेताची राखण यांसाठी कुत्रं ठेवायला आमच्यात मुभा आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्यात भरून पाणी पाजणाऱ्याची गोष्ट तर आम्ही पोरवयातच ऐकतो. हरणी ओसरीच्या आत येत नाही, एवढंच पथ्य.

हरणी अडीच वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच व्यायची आहे. आज चोपन्नावा दिवस. तिच्या तयारीबद्दल बोलायचं, तर आधी चांदणीबद्दल बोलावं लागेल.

चांदणी हरणीच्या पणजीची आई. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ती पहिल्याच माजावर आली आणि आम्ही तिला भरवली. वय जेमतेम वर्षाचं. गाभण आहे म्हणून घरातल्या प्रत्येकानं तिला लाड म्हणून दूध पाजलं आणि वर कॅल्शियमचं औषधही. व्यायच्या रात्री ती कळा देऊन देऊन थकली आणि पिल्लू काही येईना. घरात म्हशीला पान्हा सोडायला देतात त्या इंजेक्शनची बाटली होती. त्यानं कळा वाढतात, एवढं ऐकलेलं. मीच ती बाटली काढली, मीच सुई टोचली. कळा वाढल्या खऱ्या. पहाटेपर्यंत चार पिल्लं आली आणि दिवस उजाडायच्या आत चांदणी गेली. चारांतलं एकच पिल्लू शेळीच्या दुधावर जगलं, आणि तिचा वंश पुढं आला तो त्याच्यापासून.

तेव्हा काय घडलं असेल, हे मला फार उशिरा एका पशुवैद्यांनी समजावून सांगितलं. पहिलं पिल्लू आडवं आलं किंवा वाट अरुंद असली, तर तोंड बांधलेली पिशवी वरून दाबावी तसं होतं. ऑक्सिटोसिननं गर्भाशय जोरानं आवळतं, पुढं वाट नसते, मग ते फाटतं. पिल्लू अडलेलं नाही याची तपासणी झाल्यावर, मोजून मापून, फक्त डॉक्टरांनीच द्यायचं ते औषध आहे.

या वेळी म्हणून पहिल्यापासून वही घातली. कविता करणाऱ्याकडं वह्यांना तोटा नसतो.

गावातली कुत्री भादव्यात माजावर येतात हे सर्वांना ठाऊक आहे. कारवानी पोरी वयात उशिरा येतात, कधी दीड वर्षसुद्धा लागतं. हरणीचे दोन माज आम्ही सोडून दिले आणि तिसऱ्याला नर दाखवला. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत, त्यातही मादी दीड वर्षाच्या आत भरवू नये असं आहे. माज साधारण तीन आठवडे चालतो. पहिले आठ-नऊ दिवस रक्त जातं, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. रक्ताचा रंग फिका पडला आणि ती शेपूट बाजूला करून उभी राहू लागली, की दिवस आला. नर आम्ही लातूरकडचा निवडला, नात्यातला नाही. आमच्याकडं जात शुद्ध ठेवायची म्हणून भावा-बहिणीची जोडी लावतात आणि मग पिल्लं मरतुकडी निघाली की नशिबाला दोष देतात. मला हे मुळीच पटत नाही.

रेबीजची आणि पार्वो-डिस्टेंपरची लस आम्ही नर दाखवायच्या आधीच दिली. आईच्या अंगातली ती ताकद चिकातून पिल्लांना मिळते. गाभण असताना जिवंत विषाणूंची लस टोचायची नसते, म्हणून हे आधीच करायला हवं.

कुत्रीचे दिवस सरासरी 63. भरवल्याच्या तारखेपासून मोजलं तर पाच-सात दिवस इकडं-तिकडं होतात. महिनाभरानं बीडला सोनोग्राफी केली. पिल्लं आहेत हे कळलं, पण त्या तपासणीत नक्की आकडा कळत नाही. तो पंचावन्न दिवसांनंतरच्या एक्स-रेत कळतो, कारण तोवर पिल्लांच्या हाडांत चुना भरलेला असतो. आकडा कळणं हा हौसेचा भाग नाही. सहा आहेत हे ठाऊक असलं आणि पाचावर काम थांबलं, तर पोटात एक राहिलंय हे आपल्याला कळतं.

खाण्याच्या बाबतीत घरच्या बायकांशी माझं थोडं वाजलं. पहिले पाच आठवडे तिला नेहमीचंच द्यायचं असतं, ज्वारीची भाकरी, ताक, अंडं, उकडलेलं मांस. सहाव्या आठवड्यापासून हळूहळू वाढवत शेवटी दीडपटीपर्यंत न्यायचं. पोटात पिल्लांची गर्दी झालेली असते, म्हणून एकदम ताट भरून न देता चार वेळा थोडं थोडं. कालवणातला कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, त्यामुळं उरलंसुरलं बंद. शिजवलेली हाडंही बंद. आणि कॅल्शियमची बाटली तर घरातच आणायची नाही, असं मी सांगितलं. पत्नी म्हणाली, अहो, लेकुरवाळीला कॅल्शियम नको? प्रश्न बरोबर आहे. पण बाहेरून भरपूर मिळालं की हाडांतला साठा काढून रक्तात आणायचं काम शरीर विसरतं. व्याल्यावर दूध एकदम वाढतं, रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि कुत्री थरथरते, पाय ताठतात, झटके येतात. हे बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतं. तेव्हा पिल्लं तिच्यापासून बाजूला काढून तिला तडक दवाखान्यात न्यायचं, शिरेतून कॅल्शियम दिलं तर ती वाचते.

आईच्या अंगात दडून बसलेले जंत पोटातल्या पिल्लांत उतरतात, दुधातूनही जातात. म्हणून चाळिसाव्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं जंताचं औषध चालू आहे.

जागेचा मोठा प्रश्न होता. हरणीला गोठ्याची आडोशाची बाजू आवडते, पण तिथं गुरांचे पाय. शेवटी ओसरीच्या टोकाला, जिथं येणं-जाणं कमी, तिथं चार फूट बाय चार फुटांची लाकडी पेटी ठेवली. पुढची फळी बुटकी, म्हणजे तिला आत-बाहेर करता येईल आणि पिल्लं घरंगळणार नाहीत. आतून चारी बाजूंनी भिंतीपासून चार इंच सोडून आणि जमिनीपासून चार इंच वर एक गोल दांडी ठोकली. आई टेकून बसली की मागं सापडलेलं पिल्लू चिरडतं, दांडी असली तर त्याला तेवढी फट मिळते. पहिल्या वेताच्या आईला आपल्या अंगाचा अंदाज नसतो. खाली वर्तमानपत्रं. ती ओली झाली की गोळा करून टाकता येतात. रविवारच्या पुरवण्या मी जपून ठेवतो, पण या वेळी त्याही गेल्या. गोणपाट घालू नये, त्याचे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात. दहा दिवस झाले, हरणीला आम्ही त्याच पेटीत झोपवतो. जागा तिच्या नाकाच्या ओळखीची झाली नाही, तर ऐन वेळी ती उठून कडब्याच्या गंजीत जाऊन विते.

दिवस थंडीचे आहेत. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवती 30 अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. म्हणून पेटीच्या एकाच कोपऱ्यावर बल्ब टांगला, गरम झालं तर पिल्लांना दुसरीकडं सरकता यावं. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून.

आता पुढचं. उद्यापासून दिवसातून दोनदा थर्मामीटर. कुत्र्याचा ताप एरवी 101-102 फॅरनहाइट असतो. तो 99 च्या खाली उतरला की चोवीस तासांत काम सुरू होतं. ती खाणं सोडते, धापा टाकते, पंज्यांनी कागद फाडते. हे बारा-बारा तास चालतं, त्यात घाबरायचं काही नाही. घाबरायचं कधी, ते मी पेटीच्या वर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: अर्धा तास जोरात कळा आणि पिल्लू नाही. दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त. पहिल्या पिल्लाच्या आधीच काळपट हिरवं पाणी. खाली डॉक्टरांचा नंबर आणि शेजारच्या गाडीवाल्याचाही. डॉक्टरांना एक आधीच सांगून ठेवलंय. या जातीच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळं भुलीची काही औषधं हिच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. पोट उघडायची वेळ आली तर ते ध्यानात असू द्या.

टोपलीत स्वच्छ फडकी, दोरा, कात्री आणि आयोडीन आहे. आईनं पिल्लावरची पिशवी फोडली नाही तर आपण फोडायची, तोंड-नाक पुसायचं, फडक्यानं खसाखसा चोळायचं. पिल्लाला पाय धरून गरागरा फिरवायची जुनी रीत सोडायची, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर सोडून बांधायची. जितकी पिल्लं तितके वार मोजायचे. आणि सगळ्यांना पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. चिकाचं बळ चोवीस तासांपर्यंतच पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातं, नंतर ते दार बंद होतं. रोज वजनही करायचं. वाण्याकडून जुना तराजू मागून आणलाय. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट झालं पाहिजे.

पिल्लं मागायला आत्ताच माणसं येतात. नरवाल्याला रिवाजाप्रमाणं एक द्यायचं आहे. बाकीच्यांना सांगितलंय, आठ आठवड्यांच्या आत एकही हलणार नाही. महिन्याचं पिल्लू दुचाकीच्या डिकीतून नेतात, ते मला बघवत नाही.

रात्री पेटीजवळ झोपायची पाळी माझी आहे. धाकटा म्हणतो, अब्बा, मी झोपतो, तुमची कंबर दुखेल. मी नको म्हणालो. परवा तिच्या पोटावर हात ठेवला तर आत काहीतरी सरकलं, आणि हरणीनं मान वळवून आधी माझ्या हाताकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. तीन दिवसांनी एक्स-रेला न्यायचंय, गाडी सांगून ठेवली आहे.