बाजारपेठेला सुट्टीचा वार हवा

ब्रह्मपुरीच्या बाजारपेठेतले कोणतेही कापडाचे दुकान घ्या. मालक गल्ल्यावर, दोन-तीन पोरे काउंटरमागे, लग्नसराईत साड्या दाखवायला एखादी बाई. सकाळी साडेनऊच्या सुमारास शटर वर जाते ते रात्री नऊला खाली येते. मधल्या वेळात गिऱ्हाईक "अजून दाखवा" म्हणाले की थप्पीतल्या वीस साड्या उलगडायच्या, आणि ते "येतो परत" म्हणून निघून गेले की त्या वीसही साड्यांच्या घड्या घालून जागच्या जागी लावायच्या. हे सगळे काम उभ्याने चालते. दुकानातल्या कामगारांना बसायला आसन द्यावे, एवढ्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायदा बदलावा लागला, यावरून या कामाची कल्पना यावी. दिवसभर असे उभे राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टीचा हक्क आहे का, याचे उत्तर आजच्या दुकान कायद्यात शोधू गेलात तर हाती काही लागत नाही.

एके काळी लागत होते. हा भाग मध्य प्रांतात असताना १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा दुकान कायदा होता. महाराष्ट्र झाल्यावर मुंबईचा १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा विदर्भालाही लागू झाला. त्या कायद्याच्या अठराव्या कलमानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावेच लागे आणि त्या दिवसाचा पगार कापता येत नसे. मग २०१७ चा नवा कायदा आला आणि त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरपासून लागू झाला. आता दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते; कामगाराला मात्र आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती द्यावी लागते. ही विभागणी ऐकायला चांगली वाटते, पण हा कायदा बेतला होता दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. त्याहून लहान दुकानदाराने धंदा सुरू केल्याची नुसती सूचना द्यायची, बाकीची कलमे त्याला लागू नाहीत. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा वीसपर्यंत वाढवली. तालुक्याच्या गावात वीस माणसे कामाला असलेली दुकाने बोटांवर मोजावी लागतील. परिणाम असा की नागपूरच्या मॉलमधल्या विक्रेत्याची सुट्टी कायद्याने शाबूत राहिली आणि ब्रह्मपुरीच्या किराणा दुकानात पोती उचलणाऱ्या पोराची गेली. लहान दुकानदारामागचा नोंदणीचा आणि तपासणीचा जाच कमी करणे योग्यच होते. पण जाच काढताना त्याच्यासोबत सुट्टीही काढून टाकली गेली, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. आता ती एकाच गोष्टीच्या आधारावर टिकू शकते: व्यापाऱ्यांनी आपसात बसून केलेल्या ठरावावर. असा ठराव करण्यात व्यापाऱ्यांचा तोटा नाही, हे मला येथे मांडायचे आहे.

तोट्याची भीती एका समजुतीवर उभी आहे: दुकान जितके दिवस उघडे तितकी विक्री अधिक. चहाच्या टपरीला हे लागू पडते, कारण आज न प्यालेला चहा उद्या दुप्पट प्याला जात नाही. कापड, भांडी, चपला, हार्डवेअर, फर्निचर, सोने, मोबाईल यांचे तसे नाही. आणि झाडीपट्टीत तर खरेदी ठरते ती हातात पैसा कधी येतो यावर. धान निघून विकला गेला की दिवाळीनंतरचे काही महिने बाजार फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, त्यानंतर तेंदूपत्ता, या पैशावर जंगलाकाठच्या गावांची खरेदी होते. शिक्षक आणि कर्मचारी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. आषाढात रोवणीच्या दिवसांत सातही दिवस दुकान उघडे ठेवून गिऱ्हाईक वाढत नाही, कारण गिऱ्हाईक बांधीत चिखलात उभे असते. सहा दिवसांची विक्री सातांवर पसरवली की पैसा तेवढाच येतो आणि विजेचे बिल, चहापाणी आणि माणसांचे कष्ट तेवढे वाढतात. याचा एक पुरावा ब्रह्मपुरीकर दरवर्षी मे महिन्यात पाहतात. पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, शटर अर्ध्यावर येतात. त्या तीन-चार तासांची खरेदी बुडत नाही. ती सकाळी आणि दिवेलागणीनंतर होते. गिऱ्हाईक दुकानाच्या वेळेशी जुळवून घेते, फक्त ती वेळ त्याला आधीपासून ठाऊक असावी लागते.

मग प्रत्येक दुकानदार आपापली सुट्टी का घेत नाही? कारण शेजारचा उघडतो. माझे शटर खाली आणि त्याचे वर असेल, तर माझे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. ही भीती खोटी नाही. पण तिचा हिशेब नीट मांडावा. सुट्टीच्या वारी उघडणाऱ्याची जादा कमाई इतर बंद आहेत म्हणूनच होते. सगळ्यांनी उघडले की ती नाहीशी होते, आणि सातवा दिवस मात्र सगळ्यांचा जातो. म्हणून हा प्रश्न एकेकट्याने सुटत नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हेच झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली, ती गिरणी मालकांच्या संघटनेकडून, म्हणजे सर्वांना एकदम. एकाच मालकाने दिली असती तर दुसऱ्याच्या चालू चात्यांपुढे ती किती दिवस टिकली असती, हे सांगायला नको.

येथे एक हरकत खास ब्रह्मपुरीची आहे. वैनगंगेच्या पलीकडे वडसा आहे, अलीकडे नागभीड. आपण बंद ठेवले तर खेड्यातला माणूस तिकडे जाईल. काही प्रमाणात जाईलही. पण खेड्यातून येणारा माणूस एका वस्तूसाठी येत नाही. तहसीलचे काम, बँक, दवाखाना, पोराची कॉलेजची फी, खत-बियाणे आणि त्यातच लुगडे किंवा चप्पल अशी त्याची यादी असते. राज्य सरकारची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार-रविवार बंद असतात. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून रविवारसोबत दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बंद असतात. म्हणजे खेड्याचा पाय गावात पडतो तो बहुतेक सोमवार ते शुक्रवार आणि आठवडी बाजाराच्या दिवशी. याच्या उलट नोकरदाराला रविवारच मोकळा असतो, आणि रविवारीच सगळे बंद असले तर त्याने खरेदी कधी करावी, ही हरकत रास्त आहे. त्यावर उपाय जुना आहे: सुट्टीचा वार रविवारच असला पाहिजे असे कोठे लिहिले आहे? पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आणि दादरच्या बाजारात सोमवारची सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, ती याच हिशेबाने. ब्रह्मपुरीने आठवडी बाजाराचा दिवस आणि नोकरदारांचा रविवार सोडून उरलेल्यांतला सर्वांत पडेल वार निवडावा.

मोबाईलवरून होणाऱ्या खरेदीची धास्ती याहून मोठी आहे. ती दुकाने कधीच बंद नसतात, मग आपण कशी ठेवायची? पण घड्याळाच्या शर्यतीत लहान दुकानदार त्यांना हरवू शकणार नाही, सातव्या दिवशीही नाही आणि रात्री बारापर्यंत उघडे ठेवूनही नाही. त्याचे बळ वेगळ्या जागी आहे: धान विकल्यावर पैसे द्या म्हणून खात्यावर लिहिणारी वही, हात लावून पाहता येणारे कापड, बिघडलेला पंखा परत घेऊन जाण्याची सोय, तीन पिढ्यांची ओळख. ती ओळख टिकते दुकानात उभ्या असलेल्या माणसामुळे, आणि सहा महिन्यांत कंटाळून काम सोडून जाणारे पोर ती टिकवू शकत नाही. काही व्यापारी एप्रिल २०२१ च्या शनिवार-रविवारच्या टाळेबंदीकडे बोट दाखवतात. शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सात बंद ठेवून कंबरडे मोडले, असे म्हणतात. ते खरे आहे. पण तेव्हा बंद वरून लादलेला होता, नियम आठवड्याला बदलत होते, आणि इतर दिवशीही लोकांच्या खिशात पैसा नव्हता. त्या अनुभवावरून आधीपासून ठरलेल्या, सर्वांना माहीत असलेल्या सुट्टीचा निवाडा करता येणार नाही.

लादलेल्या बंदचे काय होते हे युरोपातही दिसले. हंगेरीने मार्च २०१५ मध्ये रविवारी मोठी दुकाने उघडण्यावर बंदी घातली आणि लोकांच्या रोषामुळे एप्रिल २०१६ मध्ये मागे घेतली. जर्मनीत मात्र रविवारची विश्रांती १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासून रुजलेली आहे, आणि १ डिसेंबर २००९ रोजी तेथील घटना न्यायालयाने, नाताळाआधीचे चारही रविवार दुकाने उघडू देणारी बर्लिनची तरतूद अमान्य केली. त्या निकालातला एक विचार आपल्याला उपयोगी आहे: सुट्टी सर्वांची एकाच दिवशी असली तरच तिचे मोल पुरते मिळते. दुकानातल्या पोराला पाळीने मंगळवारी सोडले आणि त्याच्या मित्राला गुरुवारी, तर दोघांनाही सुट्टी मिळाली, पण एकत्र असा दिवस मिळालाच नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, वडशाच्या नाटक कंपन्या रात्रभर प्रयोग करतात, लेकीबाळी माहेरी येतात. नाटकाला पहाटेपर्यंत बसून सकाळी साडेनऊला काउंटरमागे उभे राहणाऱ्याची अवस्था मालकालाही कळते, कारण बहुतेक लहान दुकानांत मालकाचीही तीच असते. ज्या दुकानात मालक आणि एकच पोर आहे तेथे पाळी लावणार कोणाची? मालक बाहेरगावी गेला की गल्ल्यावर त्याची बायको बसते, आणि तिच्या सुट्टीचा हिशेब तर कोणत्याच कायद्याने कधी धरला नाही.

ठराव करताना भाजीवाले, टपऱ्या, हातगाड्या, औषधांची दुकाने, खानावळी यांना बाहेर ठेवावे लागेल. रोज कमावून रोज खाणाऱ्याला एक दिवस घरी बसवणे हा अन्याय आहे. दिवाळीचे आणि लग्नसराईचे आठवडेही मोकळे ठेवावेत. ते पुढे-मागे करता येत नाहीत. पण दोन गोष्टींवर तडजोड होऊ नये. वार वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हावा आणि प्रत्येक दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असावा, म्हणजे सिंदेवाही किंवा आरमोरीच्या बाजूने बसने आलेल्या बाईची फेरी वाया जाणार नाही. आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. १९४८ च्या कायद्यातली ती अट आज लहान दुकानांवर बंधनकारक नाही, म्हणून ती व्यापारी मंडळाच्या ठरावातच लिहिलेली हवी. पगार कापून दिलेली सुट्टी पोराला परवडत नाही. त्या दिवशी तो दुसरीकडे हमाली शोधतो, आणि दुसऱ्या सकाळी शटर उघडायला येतो तेव्हा आदल्या रात्रीइतकाच थकलेला असतो.