उंबरठ्याची भीती

एकदा तोल जाऊन पडले की घरचा उंबरठाही डोंगर वाटू लागतो. भीतीपोटी चालणे कमी होते, पायांतील बळ ओसरते आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे दुष्टचक्र सरावाने तोडता येते.

नेदरलँड्समधील नायमेखेन येथे, पूर्वी पडलेल्या ज्येष्ठांकडून पाच आठवडे अडथळ्यांच्या मार्गावर सराव करून घेण्यात आला. पडताना अंग कसे सावरावे, हेही शिकविले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे पडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले.

अडथळ्यांच्या शर्यतीतील तरुण झोका घेताना पकड घट्ट ठेवतात आणि कठड्यावरून उडी घेताना गुडघे वाकवून अलगद उतरतात. आपण उडी मारू नये, लोंबकळूही नये. घट्ट पकड आणि अलगद पाऊल एवढेच त्यांच्याकडून घ्यावे.

वैद्यांच्या संमतीने जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर सराव करावा. कठडा धरावा. चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. गुडघा ताठ ठेवू नये. चक्कर आल्यास वा वेदना झाल्यास लगेच थांबावे.

सोबत्याने चढताना मागे आणि उतरताना एक पायरी खाली, किंचित बाजूला उभे राहावे. हात धरून ओढू नये. आधार जवळ असावा, पाऊल मात्र ज्येष्ठांनी स्वतःच टाकावे.