पाण्याकाठी : शेततळ्याचा कागद

आज जलतरण तलावाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते आता पुढच्या रविवारी. विहिरीवरचा लेख वाचून सिन्नरकडच्या एका बागायतदारांनी विचारलंय, ‘आमच्या घरात सगळ्यांना पोहता येतं. पोरं विहिरीतच शिकली. मग शेततळ्याला कुंपण कशाला?’ सुट्ट्या तोंडावर आल्यात, शहरातली भाचरं मळ्यावर येतील. तेव्हा हा प्रश्न आधी घेतो.

विहिरीत दमलं की हाताला काहीतरी लागतं. पायरी, कपार, नाहीतर मोटारीचा पाईप. शेततळ्यात यातलं काहीच नसतं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं वर 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून तळापासून बांधापर्यंत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. 500 मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. बांधावरचा कागद धुळीने खरखरीत वाटतो, त्यावर चालताही येतं. पण पाण्याच्या रेषेपाशी हात लावून पाहा. तिथे शेवाळाचा पातळ थर असतो आणि बोट ठेवताक्षणी सटकतं.

पोहणारा माणूस काठापर्यंत व्यवस्थित येतो. तिथे तळवे टेकतो, गुडघा वर घेतो आणि पोटावर घसरत परत पाण्यात जातो. नखं रुतत नाहीत, पाय रोवता येत नाही. चार-पाच वेळा असं झालं की दम संपतो. म्हणजे घात होतो तो काठावर, आणि तिथे पोहण्याची कला उपयोगी पडत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की धोका कमी झाला असं घरच्यांना वाटतं. उलट चढायचा उतार तेवढा लांबलेला असतो.

एकाच तळ्यात मायलेकरं किंवा सख्खी भावंडं गेल्याच्या बातम्या येतात, त्याचं कारणही हाच कागद. पहिल्याला हात द्यायला दुसरा उतारावर पाऊल टाकतो आणि तोही आत जातो. म्हणून कोणी पडलं तर कागदावर पाय ठेवायचाच नाही. बांधावर आडवं पडून स्प्रिंकलरचा पाईप पुढे करा, साडी फेका, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. 20 लिटरचा कॅन माणसाचं डोकं सहज पाण्यावर ठेवतो.

तेव्हा कुंपण हवंच, आणि फाटकाला कुलूपही. पोरांना पोहता येतं म्हणून ते टाळणं मला मुळीच पटत नाही. पण कुंपणाला पैसे लागतात, वेळ लागतो; दोराला लागत नाही. चारही बाजूंना बांधापलीकडे खुंटे ठोका आणि हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर पार तळापर्यंत सोडा. गाठीमुळे मूठ घसरत नाही. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तर पायालाही आधार मिळतो. मात्र तारेची टोकं बाहेर राहिली तर कागद फाटेल, तेवढं जपा.

सिन्नरच्या दादांना एवढंच सांगणं, कुंपणाचा हिशोब सावकाश करा, दोर मात्र आज संध्याकाळीच बांधा. उन्हाने नायलॉनही कुजतो, म्हणून दरवर्षी तो नवा घाला.